किल्ली बाहेर, आम्ही आत

भरलेला ऑक्सिजन सिलिंडर उघडायची किल्ली मी वॉर्डातल्या ट्रेमध्ये ठेवून आलो, आणि तो सिलिंडर, एक जखमी जवान आणि हवालदार बलकार सिंग यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. चूक एवढीच. फौजेत विचारल्याशिवाय खुलासा देत नाहीत. आता मी फौजेत नाही, म्हणून देतो.

मी गजानन इंगळे. मूळ गाव रिसोड, जिल्हा वाशिम. नर्सिंगचा डिप्लोमा केला, मोहालीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी लागली आणि शेजारच्या खरड गावात फ्लॅट घेतला, कारण चंदीगडात फ्लॅट परवडत नाही आणि खरडला परवडतो असं सुरुवातीला वाटतं. इकडे पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणतात. पेशंट ब्रदर म्हणतात, डॉक्टर ब्रदर म्हणतात, एकदा बँकेतला मॅनेजरही म्हणाला. मुलीला मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. बायको सुनीता मात्र अजून चोख वऱ्हाडी बोलते, आणि एकदाच बोलते.

बलकार सिंग भेटला तो हॉस्पिटलातच. त्याच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तो चंदीगडच्या सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावरून दिल्लीची बस चालवायचा, आणि टेरिटोरियल आर्मीच्या एका हॉस्पिटल युनिटमध्ये अँब्युलन्स ड्रायव्हर, हुद्दा हवालदार. टेरिटोरियल आर्मी म्हणजे राखीव फौज. एरवी आपापली नोकरी करायची, वर्षातून महिनाभर वर्दी घालून ट्रेनिंग करायचं, आणि बोलावणं आलं की जायचं. वडिलांचं ड्रेसिंग बदलताना तो माझ्या हातांकडे बघत होता.

"ब्रदर जी, हमारे यहाँ नर्सिंग असिस्टंट की वेकन्सी है. साल में एक महीना. कैंटीन का कार्ड मिलेगा."

"और गडबड हो गई तो?"

"गडबड कित्थे होनी ऐ यार."

मी फॉर्म भरला. शारीरिक चाचणीत धावताना उलटी झाली, पण ती रेषा ओलांडल्यावर झाली, म्हणून पास. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी शिपाई झालो. घरी सांगितलं तेव्हा सुनीता कणीक मळत होती. आदल्याच आठवड्यात फ्लॅटची किल्ली दिवसभर शोधून शेवटी फ्रिजमध्ये, मेथीच्या जुडीखाली सापडली होती. मी ठेवली होती.

"घराची किल्ली सापडत नाई तुम्हाले," ती म्हणाली, "अन् देश सांभाळाले चालले."

पहिल्या कॅम्पला मी सकाळच्या परेडला ऑपरेशन थिएटरमधल्या रबरी चपला घालून उभा राहिलो. सवय. सुभेदार साहेब रांगेतून चालत आले, माझ्यापाशी थांबले, खाली पाहिलं.

"समुंदर किनारे आया है?"

"नो सर."

"फिर?"

मी त्या चपलांवर मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. त्यानंतर युनिटमध्ये माझं नाव 'बीच' पडलं. खाजगी हॉस्पिटलात काही सांडलं की मी हाउसकीपिंगला फोन करायचो. इथे काही सांडलं आणि मी इकडेतिकडे बघू लागलो की बलकार म्हणायचा, "किसको ढूँढ रहा है? हाउसकीपिंग तू ही है." तरी ते महिने बरे जायचे. दोन वर्षं मी वर्षातून एक महिना सैनिक आणि अकरा महिने त्याच्या गप्पा मारणारा माणूस होतो. सोसायटीतले लोक मला फौजी म्हणू लागले आणि मी हरकत घेतली नाही.

मग तो मे महिना आला. सीमेवर तोफा सुरू झाल्या. चंदीगडात सायरन वाजू लागले, रात्री सगळं शहर अंधारात ठेवायचे, विमानतळ बंद झाला. माझा फोन वाजला. रिपोर्टिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सात. मी एचआरच्या मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, रजा कोणत्या प्रकारची? सिस्टिममध्ये आजारपण होतं, लग्न होतं, बाळंतपण होतं. युद्ध नव्हतं. शेवटी त्यांनी 'पर्सनल' निवडलं.

आमच्यातल्या काहीजणांना चंदीगडजवळच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात मदतीला पाठवलं. जुनी इमारत, तीन मजले, रुंद व्हरांडे, जाळीच्या दरवाजाची लिफ्ट आणि लिफ्टच्या पलीकडे स्ट्रेचर चढवायला लांबलचक उतार. सर्जिकल वॉर्ड तळमजल्यावर, ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर. वॉर्डच्या प्रमुख कॅप्टन नेगी. गढवालच्या. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी. पहिल्या दिवशी मी त्यांना सवयीने 'सिस्टर' म्हणालो. त्या नुसत्या थांबल्या, मी 'मॅडम' म्हणेपर्यंत.

त्यांनी हुकूम थोडे दिले. सायरन झाला की मेन स्विच पडणार, दिवस असो की रात्र. जनरेटर फक्त थिएटर आणि आयसीयूला. म्हणून ऑक्सिजनवरचा पेशंट हलवायचा तर उतारावरून, लिफ्टने नाही. आणि दुसरं, किल्ली.

छोट्या सिलिंडरच्या डोक्यावर एक चौकोनी खिळा असतो. तो फिरवला की ऑक्सिजन सुरू होतो, आणि तो हाताने फिरत नाही. त्याला बोटभर लांबीची लोखंडी किल्ली लागते. फौजेत ही किल्ली गॉजच्या पट्टीने सिलिंडरच्या गळ्याला बांधलेली असते. ती सुटत नाही, सोडायची नाही. कॅप्टन नेगींचं वाक्य होतं, "सिलिंडर जहाँ, चाबी वहाँ." माझ्या मोहालीच्या हॉस्पिटलात याच्या बरोबर उलट होतं. तिथे किल्ल्या ड्रॉवरमध्ये असायच्या, आणि सिलिंडरला कुठलीही कापडी पट्टी दिसली की इन्फेक्शन कंट्रोलवाल्या मॅडम फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. माझ्या पट्टीचा फोटो दोनदा पडला होता. तेव्हापासून मळकी पट्टी दिसली की माझा हात आपोआप कात्रीकडे जायचा.

तिसऱ्या दिवशी नाईक दिनकर कोळेकर आले. नाईक हा हुद्दा. छातीत तोफगोळ्याचे तुकडे. सीमेजवळच्या हॉस्पिटलात एक ऑपरेशन होऊन आले होते. डाव्या बरगडीतून नळी काढून खाली पाण्याच्या बाटलीत सोडलेली. गाव जत तालुक्यात. ताप चढला की ते हिंदी बोलायचे थांबायचे. कॅप्टन नेगींनी मला बोलावलं.

"इंगले, ये तुम्हारी भाषा वाला है. ये तुम्हारा पेशंट."

मी त्यांच्या पलंगाशी गेलो. "नमस्कार. मी इंगळे. वाशिमचा."

त्यांनी एक डोळा उघडला. "डाक्टर?"

"नाही. नर्सिंग असिस्टंट."

"कुठली युनिट?"

मी सांगितली. त्यांनी दुसराही डोळा उघडला. "म्हंजे टेरिटोरियल. सुट्टीतली फौज."

"सुट्टीतली नाही. राखीव."

"तेच म्हनतोय की. आमी भाकरी आन् तुमी लोनचं." हसायला गेले आणि छाती धरून थांबले. "हसवू नगा हो."

मी हसवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते मला लोणचं म्हणू लागले, आणि मी 'बीच'पेक्षा बरं म्हणून ते मान्य केलं. त्यांचे वडील नव्हते, लग्न ठरत होतं. आई जतहून निघाली होती. विमान बंद, म्हणून मिरजेहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून बस. म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा मिरजेच्या पुढे चालली होती. बलकारने दिल्लीच्या अड्ड्यावरच्या आपल्या एका ड्रायव्हर मित्राला फोन केला. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकवाचं गोंदण, हिंदी येत नाही. "माई को सीट पे बिठा के लाना, मेरी बेबे समझ के." बेबे म्हणजे आई. दिनकर दर तासाला विचारायचे, "आय कुठवर आली?" बलकार मोबाइलवर गाडी कुठे आहे ते बघायचा आणि मी सांगायचो. झाशी. ग्वाल्हेर. आग्रा.

ज्या सकाळी आग्रा झालं, त्या सकाळी मी दिनकरांच्या पलंगाशेजारचे दोन सिलिंडर पुसत होतो. एक चालू, अर्ध्याच्या बराच खाली आलेला, आणि एक पूर्ण भरलेला. भरलेल्याच्या किल्लीची पट्टी रक्ताने आणि बोटांच्या मळाने काळी झाली होती. मी ती कापली. किल्ली स्पिरिटने पुसली, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली आणि नवी पट्टी आणायला कपाटाकडे वळलो. अर्ध्या सिलिंडरची किल्ली पाहिली तर तिचीही पट्टी तशीच. तीही कापली. आता दोन्ही किल्ल्या ट्रेमध्ये, स्वच्छ, शेजारी शेजारी. इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमनी कौतुकाने फोटो काढला असता.

तेवढ्यात दिनकरांच्या बाटलीत रक्त वाढलं. नळीतून आधी फिकट पाणी यायचं, आता गडद आणि भराभर येऊ लागलं. सर्जन लेफ्टनंट कर्नल साहेब आले, पाहिलं, म्हणाले, "थिएटर. अभी." कॅप्टन नेगी थिएटरला फोन करायला धावल्या. अर्धा सिलिंडर सुरूच होता, तोही आता पूर्ण सोडलेला. मी भरलेला स्ट्रेचरवर दिनकरांच्या पायांमध्ये ठेवला, अँबू बॅग उशाशी ठेवली, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी. बलकार दारात उभाच होता. तो पुढून, मी मागून. निघालो.

लिफ्टपाशी बलकार उताराकडे वळला.

"लिफ्ट," मी म्हणालो.

"मैडम ने रैंप बोला था."

"सायरन कुठे आहे? लिफ्टने अर्ध्या मिनिटात पोचू." हे मी मराठीत बोललो. घाई असली की मी मराठीत बोलतो. बलकारला अर्थ कळला. हुद्दा त्याचा मोठा, पण पेशंट माझा. त्याने जाळी ओढली.

पहिला मजला गेला. मग सायरन वाजला. आधी लांबून, मग आमच्याच गच्चीवरून. लिफ्टने एक हिसका दिला आणि थांबली. पंखा थांबला, दिवा गेला.

जाळीतून समोर भिंत दिसत होती. नुसतं सिमेंट. वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, दुसऱ्या मजल्याच्या फरशीची कड आणि तिच्यावर हातभर फट. तिच्यातून थोडा उजेड येत होता. सिमेंटमध्ये एका गवंड्याची चार बोटं उमटलेली होती. त्यानंतरचा वेळ मी बहुतेक त्या बोटांकडे बघत काढला.

"क्या हुआ?" दिनकरांनी विचारलं. मास्कमधून आवाज घोगरा आला.

"लाइट गेली. दोन मिनिटं."

"बसवाल्यावानी बोलू नगा. 'दोन मिनट में निकलेगी.'"

बलकारला 'बस' कळलं. "ओए, मेरी बस टाइम पे निकलती है."

आम्ही ओरडलो. वर कोणी नव्हतं. सायरनला व्हरांडे रिकामे होतात, थिएटरचे दरवाजे बंद असतात. बलकारने वॉकीटॉकी काढली.

"कंट्रोल, कंट्रोल, बलकार. लिफ्ट में फँसे हैं. पेशंट सीरियस. ओव्हर."

"बलकार, स्टँड बाय. आउट."

मी सिलिंडरवरच्या काट्याकडे पाहिलं. लाल पट्ट्याच्या पार खाली, शून्याला टेकला होता. काही बिघडत नाही, दुसरा भरलेला आहे. मी रेग्युलेटर काढून त्यावर बसवला, घट्ट केला आणि किल्लीसाठी त्याच्या गळ्याशी हात नेला.

तिथे काही नव्हतं.

मी सिलिंडर फिरवून पाहिला. स्ट्रेचरवर चाचपलं. स्वतःचे खिसे पाहिले, वरचा, खालचा, मागचा. बलकार माझ्याकडे बघत होता.

"बीच," तो हळू म्हणाला. "चाबी?"

"ट्रेमध्ये."

"ट्रे कहाँ है?"

"वॉर्ड में."

त्याने शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने सिलिंडर घेतला आणि त्या खिळ्याला दातांनी धरायला गेला. मग बेल्टच्या बकलने पाहिलं. मग फेट्याच्या घड्या बसवायची, फेट्यातच खोचलेली सळई काढून तिच्या पोकळ टोकात खिळा बसतो का पाहिलं. सळई वाकली. लोखंड हललं नाही. आत दोन तास पुरेल इतका ऑक्सिजन होता.

दिनकरांच्या बोटाला सॅच्युरेशनचं छोटं यंत्र लावलेलं होतं. चौऱ्याण्णव. मग एक्क्याण्णव. मी स्ट्रेचरचं डोकं उंच केलं. नळी कुठे मुडपली नाही ना पाहिलं, बाटली खालीच आहे ना पाहिलं. जे येतं ते सगळं केलं, कारण जे हवं होतं ते जवळ नव्हतं.

"लोनचं," दिनकर म्हणाले. "हवा कमी झाली का हो?"

खोटं सांगायची मला चांगली सवय आहे. वीस मिनिटं लागणार असली की मी पेशंटला पाच सांगतो. पण त्यांनी काट्याकडे पाहिलं होतं. फौजी माणूस काटा बघतो.

"एक संपला," मी म्हणालो. "दुसरा भरलेला आहे. त्याची किल्ली मी खाली विसरलो."

ते माझ्याकडे बघत राहिले. "विसरला."

"हो."

"रायफल आनली आन् गोळ्या घरी." श्वास घेतला. "भारी फौज हाय राव तुमची."

नंतर ते बोलले नाहीत. सत्त्याऐंशी झालं. ओठांचा रंग बदलू लागला. मी मास्क काढला आणि अँबू बॅग लावली. बलकारला सांगितलं, दोन्ही हातांनी हा मास्क तोंडावर घट्ट धर, हनुवटी वर ओढ. त्याने बसचं स्टीअरिंग धरावं तसा धरला. दिनकर श्वास घ्यायला लागले की मी पिशवी दाबायची. त्यांच्याबरोबर, त्यांच्या आधी नाही, नंतर नाही. साधी हवा. ऑक्सिजनपेक्षा कमी, पण काहीच नसण्यापेक्षा खूप.

"कंट्रोल, बलकार. ऑक्सिजन खत्म है. सिलिंडर की चाबी वॉर्ड में है. चाबी भेजो. ओव्हर." त्याने वॉकीटॉकी खांद्याने कानाशी दाबून धरली होती.

"बलकार, सिलिंडर कहाँ है? ओव्हर."

"हमारे पास. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"चाबी पास क्यों नहीं है? ओव्हर."

बलकारने माझ्याकडे पाहिलं. "लंबी कहानी है. ओव्हर."

हे सगळ्या हॉस्पिटलने ऐकलं. ज्याच्या ज्याच्याकडे वॉकीटॉकी होती त्या प्रत्येकाने.

किती वेळ गेला ते मी नंतर विचारलं, तर वीस मिनिटांच्या आसपास म्हणाले. आत घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता. अंगठ्यात गोळा आला. दुसऱ्या हाताने दाबलं, मग त्यातही आला. लिफ्टमध्ये उकडत होतं. घाम दिनकरांच्या गळ्यावर पडत होता, माझा का बलकारचा कळत नव्हतं. ब्याऐंशी. मी मनात सगळ्या पट्ट्या परत बांधत होतो. कात्री खाली ठेवत होतो. उताराकडे वळत होतो. एकीकडे पिशवी दाबत होतो. एकदा दिनकरांचे डोळे वर गेले आणि छाती हलायची थांबली.

"कोळेकर," मी ओरडलो. "आग्रा सुटलं! आई दिल्लीकडे निघाली! घ्या श्वास! घ्या!"

हे मला माहीत नव्हतं. आग्रा सकाळचं होतं. पण छाती हलली. मी दाबलं. परत हलली. बलकार हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होता. अरदास असेल. माझी किती लिटर, किती मिनिटं अशी आकडेमोड चालली होती, कारण मला प्रार्थनेतला क्रम आठवत नव्हता.

वर बूट वाजले. मग फटीत कॅप्टन नेगींचा चेहरा दिसला, फरशीवर आडवा. त्या सायरन सुरू असताना परवानगी न घेता उतारावरून धावत आल्या होत्या. हात फटीतून खाली आला. हातात किल्ली.

"इंगले, पकड़ो."

मी पिशवी सोडून हात वर केला.

"मैडम, इसको मत दो," बलकार म्हणाला. त्याने मास्कवरचा एक हात काढला, किल्ली घेतली, खिळ्यावर बसवली, फिरवली. फुस्स आवाज आला. त्यानंतर इतकं चांगलं मी काही ऐकलेलं नाही. किल्ली त्याने स्वतःच्या दातांत धरली आणि लिफ्ट उघडेपर्यंत सोडली नाही.

सायरन बंद झाला, लाइट आली, लिफ्ट आपोआप दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबली. दिनकरांना थिएटरमध्ये घेतलं. दारात कॅप्टन नेगींनी मला थांबवलं. त्यांच्या वर्दीच्या पुढच्या भागाला फरशीची धूळ होती.

"पट्टी किसने काटी?"

"मैंने, मैडम."

"क्यों?"

"गंदी थी, मैडम."

त्यांनी वर्दीवरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "अब जाओ. सारे वॉर्ड के सिलिंडर चेक करो. बाँधो." मी संध्याकाळपर्यंत किल्ल्या बांधत होतो. अजूनही बांधतो. मोहालीत माझ्या फ्लोअरवरच्या प्रत्येक सिलिंडरला किल्ली बांधलेली असते आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडम प्रत्येक महिन्यात फोटो काढतात.

रक्त थांबलं. ऑपरेशन झालं. त्याच रात्री बलकारचा मित्र म्हातारीला सेक्टर त्रेचाळीसला घेऊन उतरला. शहरात अंधार होता, म्हणून तिला चंदीगड दिसलंच नाही. ती थेट आयसीयूत आली. हिरवं लुगडं, गोंदण, हातात पंच्यात बांधलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. दिनकर शुद्धीवर होते. ती त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि हळूहळू, थांबत थांबत, तिला लिफ्टची गोष्ट सांगितली. सगळी. रायफल आणि गोळ्यांसकट. सांगताना त्यांना हसू येत होतं आणि ते छाती धरत होते.

म्हातारी वळली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच व्हय त्यो किल्लीवाला?"

"हो, मावशी."

तिने पंचा सोडला आणि एक पोळी माझ्या हातावर ठेवली. "खा. वाळलाईस."

तीन दिवस ती त्यांच्या उशाशी बसली. त्यांनी पोटभर बोलून घेतलं. शेत, बैल, ठरलेली मुलगी, पंप. मग रक्तात विष पसरलं. छातीतल्या तुकड्यांबरोबर माती आत गेली होती. पहाटे नाईक दिनकर कोळेकर गेले. माझी ड्यूटी होती. नळ्या मी काढल्या. अंग मी पुसलं. वर्दी मी आणि बलकारने घातली. बटणं लावताना त्याचे हात थांबले, तेव्हा मी लावली.

मी सर्जन साहेबांना विचारायला गेलो. काय विचारायचं ते त्यांना आधीच माहीत होतं.

"लिफ्ट से नहीं गया वो, इंगले. सेप्सिस से गया. समझे?"

"येस सर."

मी ते ऑर्डर म्हणून मान्य केलं. ऑर्डर मानली जाते. पटली का, हे कोणी विचारत नाही.

काही आठवड्यांनी आम्हाला घरी पाठवलं. हिवाळ्यात माझ्या मणक्यातली चकती सरकली. खाटेवरून पेशंट उचलताना नाही, खरडच्या फ्लॅटमध्ये सोफ्याखाली किल्ली शोधताना. मेडिकल बोर्डाने मला अनफिट केलं. वर्दी परत केली. कार्ड परत केलं. सुनीताने दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि म्हणाली, "किल्ली इथं."

यंदा वर्षश्राद्धाला मी आणि बलकार जत तालुक्यात गेलो. मिरजेला उतरून एक जुनी जीप भाड्याने घेतली. चालवायची बलकारने, हे सांगायला नको. गावाच्या शाळेसमोर दिनकरांचा अर्धपुतळा बसवला आहे. चेहरा त्यांचा वाटत नाही. मिशा मात्र बरोबर आहेत. कॅप्टन नेगींनी पोस्टाने पैसे नाहीत, एक पाकीट पाठवलं होतं. त्यात गॉजची पांढरी पट्टी होती, घडी घातलेली, बाकी काही नाही. ती मी पुतळ्याच्या पायाशी ठेवली. शाळेतल्या मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं. सरपंचांनी नावं वाचली. या गावातून फौजेत गेलेले आणि परत न आलेले तिघे. शेवटचं नाव नाईक दिनकर ज्ञानू कोळेकर. बलकारने सॅल्यूट केला. मीही केला. आता मला तो हक्क नाही, पण कोणी हटकलं नाही.

निघायची वेळ झाली. म्हातारी आम्हाला जीपपर्यंत सोडायला आली. मागे निम्मं गाव. बलकारने दार ओढलं. उघडलं नाही. दुसरं ओढलं. मग त्याने काचेतून आत पाहिलं. सकाळी जीपमधून पुतळ्याचा हार काढताना त्याने किल्ली माझ्याकडे दिली होती. हार मोठा होता, त्याला माझेही दोन्ही हात लागले. किल्ली सीटवर होती. दारांची बटणं मीच दाबली होती, सवयीने, चारही.

बलकार फेट्यातली सळई काढू लागला. नवी घेतली होती त्याने. ती काचेच्या फटीत घालून तो बराच वेळ खटपट करत राहिला. मुलं गोळा झाली. सरपंच पंक्चरवाल्याला बोलवायला निघाले. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने सीटवरच्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग शाळेसमोरच्या त्या मिशांकडे, आणि परत माझ्याकडे.

"असल्याच्या हातात हुतं व्हय माझं पोर?"